बेंजूकाका आणि सोमवारचं तारागोना

पहिल्यांदा कोणाच्या घरी गेलं की काही लोक भिंतीवरचे फोटो बघतात, काही कपाटातली पुस्तकं बघतात, आणि आमच्या पुण्याकडचे लोक काहीच बघत नसल्यासारखं दाखवून सगळं बघतात. बेंजूकाका बाथरूम बघायचे.

मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. हे घर मी फार अभ्यास करून घेतलं होतं. पूर्वेचं दार मिळावं म्हणून चार महिने थांबलो, ईशान्येला देवघर यावं म्हणून लाँड्री हलवली, आणि येईल त्या पाहुण्याला हा सगळा अभ्यास ऐकवल्याशिवाय जेवायला वाढत नव्हतो. बेंजूकाका आणि फिलोमावशी शेजारच्या गल्लीतले. दोघं मूळचे वसईचे, कॅथलिक, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इथे आलेले. काका पाणीखात्यात इंजिनिअर होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी माझं पूर्वेचं दार शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून एक काचेची गोटी काढली आणि विचारलं, "शॉवर कुठाय?"

होम चालू होता. गुरुजी स्वाहा म्हणत होते. मी सोवळ्यात, धुराने डोळे लाल, आणि माझ्या मागे बाथरूमच्या फरशीवर एक अडुसष्ट वर्षांचा माणूस ओणवा होऊन गोटी सोडत होता. गोटी जाळीकडे जायला हवी होती. ती जाळीकडे पाठ करून दाराकडे आली, उंबरा नसल्यामुळे बाहेर पडली आणि माझ्या बेडरूमच्या कार्पेटवर येऊन थांबली.

"सुधीर," काका म्हणाले, "तुझा देव ईशान्येला आहे, ते बरंय. पण तुझं पाणी नैर्ऋत्येला चाललंय."

मला राग आला. माधवी, म्हणजे माझी बायको, त्यांना वाढताना हसत होती, त्याचा जास्त आला. तीन आठवड्यांत कार्पेट कुजलं. बिल्डरच्या माणसाने येऊन सगळी फरशी उखडली, आणि सव्वा महिना आम्ही दोघं अंघोळीला बेंजूकाकांकडे जात होतो. रोज टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या दारात उभं राहताना मला माझ्या पूर्वेच्या दाराबद्दल काय वाटत असेल, ते मी सांगत नाही. काकांनी मात्र त्या सव्वा महिन्यात गोटीचा उल्लेख एकदाही केला नाही. फक्त एकदा म्हणाले, "पाणी कोणाची भीड धरत नाही बघ. बाकी सगळे धरतात."

हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

फिरायला गेले तरी तेच. आमच्या मंडळाची सहल समुद्रकाठच्या त्या प्रसिद्ध रस्त्याने गेली. सगळे कड्यांचे फोटो काढत असताना काका रस्त्याखालच्या मोरीपाशी उतरले आणि पाऊण तासाने गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन वर आले. चेहरा असा प्रसन्न, की देवदर्शन करून यावं. फिलोमावशी म्हणाल्या, "लग्नानंतर मला ताजमहाल दाखवायला घेऊन गेला होता हा. आम्ही तिथली कारंज्याची पाइपलाइन बघून आलो. ताजमहाल मागे होता म्हणे."

"होता ना," काका म्हणाले. "मी नाही कुठे म्हणतोय?"

मावशी बुटक्या, ठसठशीत, आणि आवाज असा की चर्चमधल्या माइकला सुट्टी द्यावी. त्या श्रद्धाळू होत्या आणि काका नव्हते. दर रविवारी काका त्यांना गाडीने चर्चला सोडायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि खिडकीतून छताचं पन्हाळ बघायचे. दोघं एकमेकांशी वसईच्या त्यांच्या बोलीत बोलायचे. ती मला अर्धीच कळायची, पण भांडण कुठे संपून लाड कुठे सुरू झाले ते कळायला भाषा लागत नाही.

मग काकांची बायपास झाली. ऑपरेशनच्या दिवशी मावशींनी नवस बोलला. तो कोणाला? तर स्पेनमध्ये समुद्राकाठी तारागोना म्हणून गाव आहे, तिथल्या एका जुन्या बिशपला. लहानपणी शाळेतल्या सिस्टरने त्यांना त्याची गोष्ट सांगितली होती. रोमन लोकांनी त्या बिशपला आणि त्याच्या दोन साथीदारांना भर अँफिथिएटरमध्ये जिवंत जाळलं. तिकडे नेत असताना लोकांनी कळवळून त्याच्यापुढे पेला धरला, तर तो म्हणाला, अजून उपास सुटायची वेळ झालेली नाही. मावशींना हे फार आवडलं होतं. काकांना अजिबात नाही.

"मरायला चाललाय आणि पेला नाकारतो," ते म्हणायचे. "डीहायड्रेशनचं माहीत नव्हतं त्या लोकांना."

नवस असा, की काका बरे झाले तर मावशी त्या जागी जाऊन, वसईच्या त्यांच्या चर्चमधून आणलेली मेणबत्ती लावतील. काका बरे झाले. मेणबत्ती वसईहून आली. आणि दोन वर्षांनी, जायचं जायचं म्हणता म्हणता, मावशीच गेल्या. छातीत कळ आली म्हणाल्या आणि अँब्युलन्स यायच्या आत संपलं. ज्याच्यासाठी नवस बोलला तो मागे राहिला आणि बोलणारी गेली.

त्यानंतर एक दिवस आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, काका आमच्याकडे आले. मी मंडळाची स्पेनची टूर ठरवत होतो. म्हणजे एक्सेल शीट बनवत होतो. आमच्यात एकदा शीट झाली की टूर झाल्यासारखीच असते, प्रत्यक्ष जाणं हा निव्वळ उपचार. काका म्हणाले, "तारागोना घेशील का यात? तिथे रोमन लोकांचा पाण्याचा पूल आहे, ॲक्वेडक्ट. कॉलेजात होतो तेव्हापासून बघायचाय."

मी म्हटलं, घेतो की.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "आणि ती मेणबत्ती पण आहे. मी मानत नाही, तुला माहितीय. पण ती मानायची. तिचं काम अर्धवट राहिलंय, ते तसं ठेवून मला झोप येत नाही, मेट." हे सांगून त्यांनी लगेच आमच्या सिंकच्या नळाची चौकशी केली.

म्हणजे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

शीटमध्ये तारागोना रविवारी होतं. निघायच्या पंधरा दिवस आधी मी पंचांग उघडलं आणि बघतो तर रविवारी संकष्टी. मी संकष्टी करतो. प्रमोशनच्या वेळी धरली होती, प्रमोशन मिळालं नाही, पण सोडायची भीती वाटते म्हणून चालू आहे. उपासाच्या दिवशी रोमन भिंतींवरून उन्हात चालायचं, खिचडी कुठे करायची, चंद्र कुठून बघायचा? बार्सिलोनात घेतलेल्या फ्लॅटला किचन होतं आणि बाल्कनीही होती. मी सरळ माउस धरला आणि तारागोना ओढून सोमवारी टाकलं. रविवारी बार्सिलोनात आराम, सोमवारी तारागोना, रात्री तिथेच मुक्काम, मंगळवारी सकाळी नऊ वीसची गाडी आणि दुपारचं विमान. वर टीप लिहिली: सोमवारी गर्दी कमी असते. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. काकांनी लिहिलं, "नो वरीज."

आम्ही पंधरा जण होतो. साबुदाणा मी मेलबर्नहून नेला होता. रविवारी संध्याकाळपासूनच बाल्कनीत बसून चंद्राची वाट बघताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. परदेशात राहून आपण किती सांभाळतो, वगैरे. माधवीने पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी जरा विचार करून विचारलं, "अहो सुधीरराव, तुम्ही पंचांग कुठलं पाहिलंत? पुण्याचं? अहो, तिकडे चंद्र कितीतरी उशिरा उगवतो. तोवर चतुर्थी संपलेली असणार. तुमची संकष्टी कालच झाली."

काल मी दोन वेळा बटाट्याचं ऑम्लेट खाल्लं होतं.

तरी मी मनाची समजूत घातली, की देव भाव बघतो. सोमवारी सकाळी तारागोनाला उतरलो. स्टेशनपासून चालत वर चढलं की डाव्या हाताला गाव आणि उजव्या हाताला निळाशार समुद्र, आणि दोघांच्या मध्ये, उतारावर, ते अँफिथिएटर. अर्धवर्तुळात दगडी पायऱ्या, त्यांच्या खाली रिंगण, आणि त्या रिंगणात, जिथे बिशपला जाळलं तिथेच, नंतर बांधलेल्या आणि आता पडलेल्या एका चर्चच्या भिंती. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चसारखंच दिसतंय, असं काका म्हणाले. त्यांनी स्वच्छ इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. डोक्यावर रुंद काठाची हॅट आणि खांद्याला मावशींची जुनी निळी पिशवी. तिच्यात मेणबत्ती होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

गेटला कुलूप होतं.

मी बोर्ड वाचला. मग फोन धरून भाषांतर करून वाचला. मग दुसऱ्या ॲपमध्ये वाचला, कारण पहिल्यावर माझा विश्वास नव्हता. सोमवारी बंद. अँफिथिएटर बंद, रथांच्या शर्यतीचं मैदान बंद, तटबंदी बंद. गर्दी खरंच कमी होती.

आतल्या बाजूला एक माणूस पाला झाडत होता. मी जाळीतून त्याच्याशी फोनवर बोलायला लागलो. म्हणजे मी इंग्लिशमध्ये बोलायचो आणि फोन स्पॅनिशमध्ये ओरडायचा. आम्ही ऑस्ट्रेलियाहून आलोय, सांगितलं. वीस तासांचा प्रवास, सांगितलं. यांच्या बायकोचा नवस आहे, हे सांगताना फोनने काय भाषांतर केलं देव जाणे, पण त्या माणसाने टोपी काढली आणि काकांकडे पाहून मान लववली. मग खांदे उडवून म्हणाला, "मान्याना." उद्या.

उद्या गेट नऊला उघडणार होतं आणि आमची गाडी नऊ वीसला होती. चौदा तिकिटं मी स्वस्त पडतात म्हणून न बदलणारी काढली होती, पंधरावंही तसंच.

ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झाली. "शीटमध्ये कसं नाही आलं हे?" एक जण म्हणाला. मी बोर्डाचा फोटो काढत होतो. कशाला काढत होतो माहीत नाही. मला काकांकडे बघायची हिंमत नव्हती. ते कठड्याला टेकून खाली बघत होते. पिशवी छातीशी धरली होती. इतकी वर्षं ओळखत असून मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

मग वळले आणि म्हणाले, "चला. ॲक्वेडक्टला दार नाही. तो उघडा असेल."

बाकीचे जेवायला गेले. मी आणि काका बस पकडून गावाबाहेर गेलो. पाइनच्या झाडीतून पायवाट आहे. ती संपली की एकदम समोर तो पूल उभा. कमानींच्या दोन ओळी, एकीवर एक, दरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. खाली कोणी पहारेकरी नाही, तिकीट नाही. वरून जिथून एके काळी पाणी जायचं त्या दगडी पन्हाळीतून माणसाला चालत जाता येतं. दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत.

मी फोन काढून लांबी, उंची, बांधणारा कोण, हे वाचायला लागलो. काकांनी हात वर केला. "थांब जरा. हे सगळं ते दगड सांगतील."

त्यांनी वाकून पन्हाळीच्या तळावरून हात फिरवला. बायपासच्या माणसाने किती वेळ वाकावं याची मला काळजी, पण ते उठेनात. उठले तेव्हा म्हणाले, "आमच्या वाडीत केळीला पाटाचं पाणी असायचं. बाप मला दारं धरायला पाठवायचा. या सरीत पाणी सोड, त्या सरीचं दार बंद कर. पाट नवा खणला की बाप त्यात एक सुकं पान टाकायचा आणि मला म्हणायचा, याच्याबरोबर चाल. धावावं लागलं तर उतार जास्त, माती वाहून जाईल. थांबावं लागलं तर उतार कमी, पाणी तुंबेल. पानाबरोबर नीट चालता आलं पाहिजे. इंजिनिअरिंगला चार वर्षं मला हेच शिकवलं, फक्त आकडे घालून."

आणि ते चालायला लागले. न धावता, न थांबता, पुढे कोणी चालत असावं आणि त्याला सोबत द्यावी तसे. मी मागून. डाव्या-उजव्या हाताला खोल दरी, पण मी समोरच्या पांढऱ्या शर्टाशिवाय कुठे पाहत नव्हतो, कारण मला उंचीची भीती वाटते आणि हे मी शीटमध्ये लिहिलं नव्हतं.

मधोमध पोचल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. सोमवार कमी गर्दीसाठी नव्हता, संकष्टीसाठी होता; आणि ती संकष्टीही चुकीच्या दिवशी झाली; आणि माझ्या खिचडीपायी मावशींचा नवस राहिला. बोलताना मला रडू यायला लागलं होतं. पंचेचाळिशीचा माणूस, रोमन पुलावर, साबुदाण्यावरून.

काका थांबले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. ते हसत होते. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"उपास! अरे सुधीर, तो बिशप पण उपासवालाच होता रे! मरताना वेळ बघत होता. तुझं आणि त्याचं काय जमलं असतं!" मग हॅट काढून त्यांनी घाम पुसला. "फिलो असती ना, तर तिने आधी तुला सोलला असता, आणि मग तुझ्यासाठी खिचडी केली असती. उपास मोडू नको म्हणाली असती."

मी म्हटलं, "काका, पण आता?"

"आता काय. तुम्ही उद्या जा. मी नऊला आत जाणार."

"तुमचं मुंबईचं विमान दुपारचंच आहे. चुकलं तर?"

"चुकलं तर दुसरं. विमानं रोज असतात." ते पुढे चालायला लागले. "चाळीस वर्षं तिने माझी गटारं बघितली. मी एक सकाळ थांबू शकतो."

ते इथून थेट वसईला भावाकडे जाणार होते, महिनाभर. त्या महिन्याचे तीन झाले. मग डार्विनला हॉस्पिटलमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना तिकडे नेलं, ट्रुगानिनाचं घर विकलं गेलं, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात डार्विनमध्येच ते गेले. तोवर फोन व्हायचे. डार्विनला पाऊस कसा पडतो आणि तिथली गटारं किती छान बांधलीत, याबद्दल ते अर्धा अर्धा तास बोलायचे. मेणबत्तीचं काय झालं हे विचारायचं मी दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी गटारांवर बोलून फोन ठेवायचो. विचारायचा माझा हक्क आहे असं मला वाटायचंच नाही.

म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते मंगळवारी सकाळी.

गाडीत मी टूर लीडरच्या थाटात सगळ्यांना समुद्राच्या बाजूच्या खिडक्या वाटून दिल्या. माझ्या वाट्याला गावाच्या बाजूची आली. गाडी सुटली, सगळा ग्रुप उजवीकडे वळून समुद्राचे व्हिडिओ काढायला लागला. माधवी मला बोलावत होती. आणि डावीकडे, रुळांच्या अगदी वर, ते अँफिथिएटर आलं. गाडी त्याच्या खालूनच जाते हे माझ्या शीटमध्ये कुठेच नव्हतं.

गाडीने अजून वेग घेतला नव्हता. वरच्या पायऱ्यांवर, सगळ्या त्या दगडांत एकटेच, बेंजूकाका बसले होते. पांढरा शर्ट वाऱ्याने फुगला होता. निळी पिशवी बाजूला. त्यांनी हॅट काढून समुद्राच्या बाजूने आडोसा धरला होता आणि ते तिच्याआड वाकले होते. एक हात हलला. थांबला. पुन्हा हलला. पुन्हा थांबला. वारा फार होता. मी काचेला हात लावून नुसताच "लाग, लाग" म्हणत होतो, मोठ्याने, आणि समोरची स्पॅनिश बाई माझ्याकडे बघत होती.

उन्हात ज्योत काही दिसत नाही. पण त्यांनी आडोशाची हॅट हळूच बाजूला घेतली, मांडीवर ठेवली, आणि तरी ते तसेच वाकून बघत राहिले.